वाचकांचे प्रश्न : आधी चुकाऱ्याचं घड्याळ, मग सॉफ्टवेअर

या वेळच्या टपालात शेतकरी कंपन्या, जिनिंग (कापसातली सरकी काढून रुई करणं) आणि संत्र्याच्या धंद्यातली पत्रं बरीच आली. अडचण बहुतेकांची एकच : कॉम्प्युटर, ॲप, कॅमेरे यांवर पैसा जातो, पण धंदा होता तिथेच राहतो. निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत. नावं गाळली आहेत. दर आणि रकमा उदाहरणादाखल धरल्या आहेत. आपापल्या भावाने गणित पुन्हा मांडून पाहावं.

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे सहाशेच्या वर भागधारक आहेत. सोयाबीन आणि तूर घेतो, चाळणी मारून विकतो. तीन वर्षांत उलाढाल दुप्पट करायची आणि माल थेट प्रक्रिया कारखान्याला द्यायचा, असं वार्षिक सभेत ठरलं. एका सल्लागाराने ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), शेतकऱ्यांसाठी मोबाइल ॲप आणि डॅशबोर्ड (स्क्रीनवरचा आकड्यांचा फलक) असा साडेसहा लाखांचा प्रस्ताव दिला आहे. घ्यावा का? आमचे अध्यक्ष म्हणतात, "कायले पायजे एवढं? वही हाये ना आपल्याजोळ!"
— संचालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : अध्यक्षांचा "कायले" हा प्रश्न अगदी नेमका आहे. त्याचं उत्तर प्रस्तावात कुठे दिसत नाही, हीच त्या प्रस्तावाची खोट.

"उलाढाल दुप्पट" या वाक्यावरून कोणतंही सॉफ्टवेअर निवडता येत नाही. आधी ते वाक्य फोडा. दुप्पट उलाढाल म्हणजे दुप्पट क्विंटल. ते येणार तुमच्याच त्या सभासदांकडून, जे आज गावातल्या व्यापाऱ्याला माल देतात. ते तिकडे का जातात हे विचारलं, तर पुष्कळदा उत्तर भावाचं नसतं. व्यापारी संध्याकाळी पैसे हातात ठेवतो आणि कंपनीचा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, आठ दिवसांनी येतो. दिवाळी तोंडावर असलेला कास्तकार आठ दिवस थांबत नाही. तेव्हा तुमचं पहिलं उद्दिष्ट असं लिहा : काटा, म्हणजे मालाचं वजन, झाल्यापासून ४८ तासांत चुकारा खात्यात. याला आकडा आहे, मुदत आहे, आणि ते पुरं झालं की नाही हे कुणीही तपासू शकतं.

आता गेल्या हंगामातल्या कोणत्याही ३० काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) काढा. प्रत्येकीवर पाच वेळा लिहा : काटा कधी झाला, भाव कधी लागला, यादी कधी तयार झाली, दोन्ही सह्या कधी झाल्या, पैसे खात्यात कधी पडले. दोन माणसांचं एका दुपारचं काम आहे. बहुतेक दिवस कुठे अडकले ते समोर येईल. दुसरी सही करणारे संचालक नागपूरला राहतात आणि यादी त्यांची वाट पाहत पडून असते, असं निघालं तर त्यावर ईआरपी हा इलाजच नव्हे. बँकेच्या नेट बँकिंगमध्ये एकाने यादी भरायची आणि दुसऱ्याने आपल्या मोबाइलवरून मंजूर करायची सोय असते, ती सुरू करून घ्या. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू असते, त्यामुळे रविवारची अडचणही राहत नाही.

दिवस अडकण्याची दुसरी जागा म्हणजे परत आलेले चुकारे. याचं मूळ बहुधा एक्सेलमध्ये असतं. खाते क्रमांकाची सुरुवात शून्याने होत असेल तर एक्सेल ते शून्य गाळतं. क्रमांक १५ आकड्यांहून लांब असेल तर पुढच्या आकड्यांच्या जागी शून्य बसवतं. १६ आकडी खात्याचा शेवटचा आकडा असाच बिघडतो. आकडे भरायच्या आधी तो रकाना 'टेक्स्ट' करून ठेवला की दोन्ही चुका थांबतात. नंतर टेक्स्ट करून गेलेला आकडा परत येत नाही. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं कायम शून्य. तिथे इंग्रजी 'ओ' टाइप झाला की पैसे परत. शिवाय १ मे २०२५ ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. त्या बँकेतल्या सभासदांची खाती आणि कोड जुन्या यादीवरून उचलू नका, नव्याने तपासून घ्या. हंगामाआधी प्रत्येक खात्यात १ रुपया टाकून खातेदाराचं नाव जुळवलं तर सहाशे खात्यांना सहाशे रुपये आणि थोडं बँकेचं शुल्क लागतं. साडेसहा लाखांच्या मानाने हे काहीच नाही, आणि चुकाऱ्याचं घड्याळ यानेच सगळ्यात जास्त पुढे सरकतं.

सभासदाची ओळख नावावर ठेवू नका. एका यादीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी, तिसरीत वडिलांचं नाव गायब. एका माणसाचे तीन सभासद होतात. मोबाइल नंबरही बदलतो. भागधारक नोंदवहीतला फोलिओ क्रमांक हीच ओळख धरा आणि शासनाचा शेतकरी ओळख क्रमांक शेजारच्या रकान्यात ठेवा. जुनी यादी शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर शोधूनही नाव सापडायचं नाही.

आता दुसरं उद्दिष्ट, थेट विक्री. कारखान्याला एकसारखा माल लागतो. सोयाबीनला ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणि मातेरं (माती-कचरा) २ टक्क्यांच्या आत, तेही दहाव्या ट्रकपर्यंत तसंच. म्हणजे ओलावा आणि मातेरं गेटवर मोजून काटापट्टीवर चढलं पाहिजे आणि तो माल कोणत्या थप्पीत (पोत्यांच्या चळतीत) गेला हेही. नेहमीच्या साठा-सॉफ्टवेअरचा घोळ इथेच होतो. त्याला वाटतं १०० क्विंटल आत आले तर १०० च बाहेर जायला हवेत. पण १४ टक्के ओलाव्याने आलेला माल १० टक्क्यांवर वाळला की १०० × ८६ ÷ ९०, म्हणजे ९५.५६ क्विंटल उरतो. साडेचार क्विंटल कुणी नेले नाहीत, ते पाणी होतं. हे सूत्र पद्धतीत बसवलं नाही तर गोदामपालावर विनाकारण संशय येतो. आणि खरोखर पाच पोती गेली तर तीही त्याच "घट" मध्ये खपून जातात. विक्रेत्याला एकच विचारा : "आवक आणि जावक दोन्ही वेळचा ओलावा टाकून घट काढता येते का?" तो गडबडला तर पुढचं सादरीकरण पाहायची गरज नाही.

मग प्रस्तावातलं काय ठेवायचं? काट्याशी जोडलेली खरेदी नोंद, थप्पीवार साठा आणि हिशेब. ॲप आत्ता नको. भाव आणि चुकाऱ्याचा निरोप साध्या एसएमएसने जातो. डॅशबोर्डऐवजी दर सोमवारी एका कागदावर चार आकडे काढा : ४८ तासांत झालेले चुकारे किती, परत आलेले किती, सूत्राबाहेरची घट किती, कारखान्याने परत पाठवलेले ट्रक किती. प्रत्येक आकड्यापुढे एका माणसाचं नाव हवं. नावाशिवायचा आकडा कुणी वाचत नाही, असं आमचं मत आहे.

माल भाव येईपर्यंत ठेवून विकायचा विचार असेल तर त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर बांधू नका. वखार विकास व नियामक प्राधिकरणाकडे नोंद असलेल्या गोदामात माल ठेवला की इलेक्ट्रॉनिक वखार पावती मिळते आणि तिच्यावर बँकेकडून तारण कर्ज घेता येतं.

आणि वहीबद्दल. कंपनी हिशेबासाठी सॉफ्टवेअर वापरत असेल तर १ एप्रिल २०२३ पासून त्यात प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. शेतकरी उत्पादक कंपनी ही कायद्याने कंपनीच आहे, तिलाही हे लागू. लेखापरीक्षक यावर शेरा मारतो. जुनं, फुकट मिळालेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवत असाल तर ते बदलणं धंद्याच्या उद्दिष्टात बसो न बसो, करावंच लागेल.

प्रश्न : माझी जिनिंग-प्रेसिंग आहे. भुईकाट्यावर एक कॉम्प्युटर, ऑफिसात टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, प्रेसवर गठाणींची (रुईच्या गाठींची) वही आणि सगळीकडे कॅमेरे. महिनाअखेरीस कापूस, रुई आणि सरकी कधीच जुळत नाही. सगळं एकत्र करणारं महागडं पॅकेज घेतलं तर जुळेल का?
— जिनिंगमालक, जि. वर्धा

उत्तर : गंजी क्रमांक, म्हणजे कापसाच्या प्रत्येक ढिगाला दिलेला क्रमांक, नसेल तर पॅकेज घेऊनही जुळणार नाही. तुमच्या तिन्ही नोंदींत समान असा एकही आकडा नाही. त्यांना जोडायचं तरी कशाने?

जिनिंगचा नफा उताऱ्यावर, म्हणजे कापसातून किती टक्के रुई निघते त्यावर, असतो. १०० क्विंटल कापसातून ३४ टक्के उताऱ्याने ३,४०० किलो रुई निघते, म्हणजे १७० किलोच्या २० गठाणी. सरकी साधारण ६४ क्विंटल, बाकी घट आणि कचरा. उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला की ५० किलो रुईची सरकी झाली असं धरा. खंडी, म्हणजे ३५६ किलो, ५४ हजारांना धरली तर रुई किलोला सुमारे १५० रुपये. सरकी ३५ धरली तर फरक ११५ चा. शंभर क्विंटलमागे पावणेसहा हजार गेले. रोज १०० गठाणी बांधणाऱ्या जिनिंगला ५०० क्विंटल कापूस लागतो, म्हणजे दिवसाला अठ्ठावीस हजारांच्या पुढे. कोणत्या गावचा, कोणत्या दलालाचा, कोणत्या आठवड्याचा कापूस कमी उतरतो हे कळणं हे तुमचं धंद्याचं उद्दिष्ट. पॅकेज त्याच्या कामाचं असेल तरच घ्यायचं.

त्यासाठी पुढचं करा, तेही आधी कागदावर. प्रत्येक गंजीला क्रमांक द्या आणि तिच्यावर पाटी लावा. काटापट्टीवर हा क्रमांक छापल्याशिवाय गाडी खाली होणार नाही असा नियम ठेवा. गंजी भरली की बंद करा. बंद गंजीवर नवा माल टाकायचा नाही. लोक नेमके इथेच चुकतात. संध्याकाळी उशिरा आलेल्या दोन गाड्या जवळच्या गंजीवर ओततात आणि त्या गंजीचा हिशेब तिथेच संपतो. प्रेसवर गंजी बदलली की गठाणीचा पहिला आणि शेवटचा नंबर लिहा. गठाण १७० किलोची "धरू" नका, प्रत्यक्ष वजन घ्या. १६२ ची गठाण १७० धरली तर कागदावर उतारा फुगतो. सरकी ट्रकमध्ये जाते ती चार-आठ दिवसांनी आणि बरीच सुकून. म्हणून तिचा मेळ महिन्याच्या तारखेवर न घालता गंजी संपल्यावर घाला. महिनाअखेरीस तुमचं जुळत नाही त्याचं अर्धं कारण हेच आहे : अर्धी गंजी जिनमध्ये आणि अर्धी बाहेर असताना तुम्ही हिशेब बंद करता.

काट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) आरएस-२३२ केबलने कॉम्प्युटरला जोडता येतो. वजन तिथून सरळ आलं पाहिजे. आकडे उलटसुलट किंवा चिन्हांसारखे दिसले तर इंडिकेटर आणि कॉम्प्युटरवरचा बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग) वेगळा आहे, तो दोन्हीकडे सारखा करा. हाताने वजन टाकायची सोय पूर्ण बंद करता येत नाही, कारण केबल कधीतरी तुटते. पण हाताने टाकलेलं प्रत्येक वजन वेगळ्या यादीत रोज संध्याकाळी तुमच्यासमोर आलं पाहिजे. रिकाम्या गाडीचं वजन जुन्या नोंदीवरून उचलण्याची सोय मात्र बंदच ठेवा. वैधमापन विभागाचा शिक्का दरवर्षी लागतो. त्याची तारीख याच यादीच्या डोक्यावर लिहा.

शेतकऱ्याकडून कापूस घेताना नोंदणीकृत खरेदीदाराला जीएसटी उलट आकारणीने, म्हणजे आरसीएमने भरावा लागतो. काट्यावरची एकूण खरेदी आणि टॅलीतली आरसीएमची खरेदी दर आठवड्याला जुळवा. हे दोन आकडे वेगळे निघाले की पुढे सरकी-रुई शोधण्यात रात्र घालवू नका. दुखणं खरेदीच्या नोंदीत आहे.

ही पद्धत वहीवर एक महिना चालली तरच पॅकेजची चौकशी करा. कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात : काटापट्टी निघते त्या क्षणाचा गाडीचा फोटो पट्टीला जोडला जात असेल तर उपयोग आहे. महिनाभराचं चित्रण साठवून ठेवलंत तरी ते बसून पाहणार कोण?

प्रश्न : क्लाउड घ्यावं की ऑफिसातला स्वतःचा सर्व्हर? आमच्या गावात लाइट आणि नेट दोन्ही बेभरवशाचे.
— व्यवस्थापक, शेतकरी कंपनी, ता. चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : हिशेब आणि साठा क्लाउडवर चालेल, काटा मात्र नेटवर टांगू नका. नेट गेलं म्हणून वीस ट्रॅक्टर रांगेत उभे राहिले तर त्यातले दहा व्यापाऱ्याकडे वळतात. काट्याच्या कॉम्प्युटरवर नोंद जागीच साठली पाहिजे आणि नेट आल्यावर आपोआप वर गेली पाहिजे. विक्रेत्याकडून हे पाहून घ्यायची पद्धत : त्याच्यासमोर नेटची तार काढा, पाच काटे करा, कॉम्प्युटर बंद करून चालू करा, मग तार लावा. पाचही नोंदी एकदाच आणि त्याच क्रमाने वर दिसल्या पाहिजेत. दुबार आल्या तर चुकारे दुबार जातील.

दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. एकाच टॉवरवरची दोन नकोत. काट्याचा कॉम्प्युटर, इंडिकेटर आणि प्रिंटर एकाच यूपीएसवर हवेत. नुसता कॉम्प्युटर यूपीएसवर आणि प्रिंटर सरळ लाइटवर, हे चित्र फार ठिकाणी दिसतं. यूपीएसची बॅटरी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहाएक अंशांना जवळजवळ निम्मं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. काटापट्टीला थर्मल प्रिंटरही नको : ट्रॅक्टरच्या टपावर उन्हात राहिलेली पट्टी काळी पडते, तिजोरीतली फिकी होते. डॉट मॅट्रिक्स आवाज करतो, पण कार्बनने तीन प्रती एकदम देतो. शेतकरी, गोदाम आणि ऑफिसला एकेक.

बॅकअप रोज घ्या. हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक असतील तर कंपनीला रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं नियमानेच आहे. आणि घेतलेला बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा, निदान दसऱ्याच्या यंत्रपूजेआधी एकदा.

प्रश्न : सॉफ्टवेअर घेऊन वर्ष झालं, तरी काटेवाला आणि दिवाणजी वहीच लिहितात. संचालक मंडळ मला जबाबदार धरतं. काय करू?
— मुख्य कार्यकारी अधिकारी, जि. वाशीम

उत्तर : सॉफ्टवेअर कोणत्या महिन्यात सुरू केलं होतं? ऑक्टोबरमध्ये असेल तर दोष काटेवाल्याचा नाही. सोयाबीनची आवक दसऱ्याला धडकते, मागोमाग कापूस, जानेवारीत तूर. या काळात नवी पद्धत शिकवणं म्हणजे पेरणीच्या दिवशी बैल बदलणं. बदल अक्षय तृतीया ते पोळा या काळात करा. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमधल्या हरभऱ्यावर रंगीत तालीम घेता येते. गर्दी कमी असते, चूक निस्तरायला वेळ असतो. नवरात्र बसलं की तूर आटोपेपर्यंत कोणतीही नवी आवृत्ती चढवायची नाही, हे विक्रेत्याला लेखी कळवा.

काट्याच्या स्क्रीनवर सात रकाने पुरेत : सभासद क्रमांक, गाडी, माल, भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा, मातेरं. बाकीचं ऑफिसात भरा. वही आणि स्क्रीन दोन्ही पंधरा दिवस चालू द्या, रोज संध्याकाळी बेरजा जुळवा, आणि सलग सहा दिवस जुळल्या की सातव्या दिवशी वही कपाटात कुलूपबंद करा. दोन्ही चालू राहिल्या तर वहीच जिंकते, कारण तिला पासवर्ड लागत नाही.

प्रश्न : संत्र्याचे भाव आधीच सांगणारं एआय ॲप घ्यावं का? आम्ही मृग बहार (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची संत्री) पॅक करून बाहेर पाठवतो.
— पॅकिंग हाउस, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : आत्ता नको. तुमच्याकडे गेल्या तीन हंगामांची आकारवार प्रतवारी, पाठवलेल्या पेट्या, सडून कमी झालेल्या पेट्या आणि हातात पडलेला भाव एका जागी आहे का? नसेल तर आधी तो तक्ता भरा. कोणत्या बाजारात कोणता आकार टिकला आणि विकला गेला, हे त्यातूनच दिसू लागेल, तेही ॲपशिवाय.

प्रश्न : आमच्या सॉफ्टवेअरवाल्याने वार्षिक शुल्क वाढवलं. सोडून जायचं म्हटलं तर तो म्हणतो, डेटा देता येत नाही. करारात काहीच नाही. पुढच्या वेळी काय लिहून घ्यावं?
— अध्यक्ष, शेतकरी कंपनी, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : आत्तापुरतं : जोवर लॉगिन चालू आहे तोवर प्रत्येक अहवाल एक्सेलमध्ये उतरवून घ्या. सभासद यादी, खाते क्रमांक, हंगामवार काटापट्ट्या, साठा, येणी-देणी. शुल्काचा वाद त्यानंतर काढा.

पुढच्या करारात ही कलमं हवीत. डेटा कंपनीचा, दर महिन्याला तो सीएसव्ही किंवा एक्सेलमध्ये, रकान्यांच्या खुलाशासह मिळेल. करार संपल्यावर ९० दिवस डेटा उतरवता येईल. शुल्कवाढीची वरची मर्यादा टक्क्यांत. हंगामात काटा बंद पडला तर किती तासांत माणूस येईल आणि न आल्यास किती रक्कम कापली जाईल. सभासदांचे आधार आणि बँक तपशील विक्रेता दुसऱ्या कामाला वापरणार नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, तरी कलम लिहा.

मुख्य पासवर्ड, संकेतस्थळाचं नाव आणि एसएमएसची नोंदणी कंपनीच्या नावावर आहे का, तेही पाहा. शेतकऱ्यांना एकगठ्ठा एसएमएस पाठवायला डीएलटी नोंदणी (मोबाइल कंपन्यांकडची एसएमएस नोंदणी), ६ अक्षरी हेडर (पाठवणाऱ्याचं छोटं नाव) आणि मजकुराचा मंजूर नमुना लागतो. हे सगळं विक्रेत्याच्या नावावर असेल तर तो गेल्यावर तुमचे निरोप बंद. नवी नोंदणी आणि नमुन्यांची मंजुरी यात दिवस जातात, म्हणून ते काम पोळ्याआधी उरका. नमुना लिहिताना अक्षरं मोजा : मराठी एसएमएस ७० अक्षरांत एक धरला जातो, त्यापुढे दर ६७ ला एक. "आपला माल मिळाला, आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद" असला मजकूर लांबत दीडशे अक्षरांवर गेला की एका निरोपाचे तीन एसएमएस मोजले जातात. वजन, भाव, रक्कम आणि खात्याचे शेवटचे चार आकडे एवढं सत्तरात बसतं.